बेंदराला न जुंपलेला ट्रॅक्टर

गेल्या वर्षी, २००३ च्या बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, दुपारी चार वाजता आमच्या गल्लीच्या तोंडाशी लेथवर हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्या टर्नरचा अपमान झाला. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. भंगारातला एक जुना, बागेत चालवायचा छोटा ट्रॅक्टर त्यांनी हौसेनं तीन वर्षं खपून दुरुस्त केला होता. बॉनेटला बाशिंग बांधून, दोरीनं ओढत ते बैलांच्या मिरवणुकीत आले.

"चालू करून दाखवा, मग सोडतो," मिरवणूक कमिटीच्या पुढाऱ्यानं अडवलं.

"आज न्हाय. बेंदराला बैल कोण जुंपतंय व्हय?"

"म्हंजे बंदच हाय की! भंगार मागं घ्या, पावणं."

सगळे हसले. मीही हसलो, त्याची लाज वाटते. त्यांनी वाकडं झालेलं बाशिंग सरळ केलं, डोक्यावरच्या टोपीनं बॉनेट पुसलं.

"फुडच्या बेंदरालाबी येणार. आन् ओढतच आणणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'ट्रॅक्टरवाले टर्नर' एवढंच विचारत त्यांचं घर शोधत गेलो. त्यांनी माझ्यादेखत हँडल एकदाच फिरवलं आणि इंजिन धडधडायला लागलं.

उद्या बेंदूर आहे. ते येणारच. कडेला उभं राहून हसू नका, पुढं व्हा आणि दोरीला हात लावा.