आमचं ब्लॉगर संमेलन आणि मिठागराचा लेख

ब्लॉग लिहिणारे आणि वेबसाइट बनवणारे यांचं संमेलन पनवेलमध्ये भरवायची कल्पना माझी नव्हती. पण पाच वर्षं ते भरवणाऱ्यांत मी होतो, त्यामुळे त्याचा पोकळपणा माझ्याही वाट्याला येतो.

मी नवीन पनवेलमध्ये राहतो. न्हावा शेव्याच्या बंदरात ज्यांचे ट्रक चालतात अशा मालकांच्या वेबसाइट बनवणं हा माझा धंदा. त्या सगळ्या साइटवर एकच निळा ट्रक असतो, फक्त खालचा मालकाचा फोटो बदलतो. पहिल्या वर्षी आम्ही वाचनालयाच्या माडीवर पंधरा-सोळा जण जमलो. फोनवर मराठी नीट टाइप कसं करायचं, फुकट होस्टिंग कुठे मिळतं, असलं बोललो, वडापाव खाल्ले आणि घरी गेलो. तेवढ्यावरच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या सोळा जणांत एकाला अध्यक्ष व्हायचं होतं.

हे गृहस्थ एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्या ब्लॉगवर त्यांच्या स्वतःच्या सत्कारांच्या बातम्यांखेरीज मी कधी काही वाचलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी मंगल कार्यालय घेतलं, तिसऱ्या वर्षी शाली आल्या, चौथ्या वर्षी व्यासपीठावर सोफा आला. सोफ्यावर बसणारे वाढत गेले आणि खाली बसणाऱ्यांना बोलायला वेळ उरेना. ब्लॉग म्हणजे कुणाच्या परवानगीशिवाय लिहिण्याची जागा. त्या जागेसाठीच आम्ही परवानग्या देणारी समिती नेमली होती.

मीही कमी नव्हतो. 'वेबसाइट वेगवान कशी कराल' हे माझं भाषण मी पनवेल, ठाणे, नाशिक असं सगळीकडे तेच देत आलो होतो. विनोद तेच, आणि विनोदाआधी पाणी प्यायची जागाही तीच. भाषण झालं की दोन-चार कॉलेजची मुलं फोटो काढून घेत आणि मी आठवडाभर बायकोशी जरा वरच्या पट्टीत बोले.

पाचव्या वर्षी उरणकडच्या एका गावातून एका बाईंचा मेल आला. त्या एका कंटेनर यार्डात गेट पास काढण्याचं काम करत होत्या आणि सासऱ्यांच्या मिठागराबद्दल ब्लॉग लिहीत होत्या. मीठ कसं पिकतं, वाफे कसे राखतात, भरतीचं पाणी आत घ्यायला बांधात जे दार असतं त्याला उघाडी का म्हणतात, असं सगळं, आणि तेही घरी बोलतात त्या आगरी बोलीत. आता ते मिठागर गेलं, तिथे कंटेनर रचून ठेवलेत, आणि त्या स्वतः त्याच जागेवर नोकरी करतात, हेही त्यांनी एका लेखात लिहिलं होतं, कसलीही रडारड न करता. मी रात्रीचं जेवण थंड होऊ देऊन ते लेख वाचले. इतक्या वर्षांत संमेलनासाठी आलेल्या कुठल्याही लिखाणाने माझं जेवण थंड केलं नव्हतं.

समितीच्या बैठकीत मी त्यांचं नाव सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, "विषय चांगला आहे हो. पण भाषा जरा ही आहे. आपल्या श्रोत्यांना समजायला पाहिजे."

श्रोते पनवेलचे. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी हीच भाषा बोलली जाते. हे मी बोललो नाही. बाईंना जेवणानंतरची आठ मिनिटं मिळाली. ते मी त्यांना मेलने कळवलं, लेख वाचल्याचंही लिहिलं. पुढे कार्यक्रमपत्रिका लांबली तेव्हा मीच त्यातली तीन कापली. माझं भाषण चाळीस मिनिटांचं होतं, त्याला हात लावायचं माझ्या मनातही आलं नाही.

प्रमुख वक्ते पुण्याहून यायचे होते. शब्दांतून कमाई कशी करायची हे शिकवणारा हा मनुष्य. त्यांच्या पेजवर रोज काहीतरी हृदयस्पर्शी असायचं, आणि ते त्यांना रोज कुठून सुचतं याचं मला कौतुक वाटायचं. मी वेबसाइट बनवणारा माणूस. लोक मजकूर कुठून उचलतात हे मला कळायला हवं होतं.

संमेलनाच्या दिवशी मागच्या फलकावर 'संमेलण' असं छापून आलं होतं. मराठी ब्लॉगर मंडळींचा सोहळा, आणि ते दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. हॉलमधलं इंटरनेट बंद होतं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, म्हणजे माईक माझ्याकडे होता. पाहुण्यांची ओळख, सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, असं करत तास-दीड तास गेला. मग प्रमुख वक्ते उठले.

बोलणं गुळगुळीत होतं. एका वाक्याला टाळी, दुसऱ्याला हशा, सगळं बेतलेलं. मग त्यांनी पडद्यावर एक परिच्छेद दाखवला आणि डोळे मिटून म्हणून दाखवला. पहाटे वाफ्यावर मिठाची पहिली साय धरते तेव्हा ती पायाने मोडू नये म्हणून सासरे चप्पल बांधावर काढून ठेवत आणि अनवाणीच भरतीच्या पाण्याचा दरवाजा उघडायला जात, असं काहीतरी. "मातीशी नातं असेल तरच असं लिहिता येतं," ते म्हणाले. "हे मी पेजवर टाकलं आणि लोक अक्षरशः रडले."

मला परिच्छेद ओळखीचा वाटला, पण कुठे वाचला ते चटकन आठवेना. तेवढ्यात चौथ्या रांगेतून त्या बाई उभ्या राहिल्या. मी त्यांना त्याआधी पाहिलेलंही नव्हतं. निळी साडी, खांद्याला पर्स, वय चाळिशीच्या आसपास.

"सर, हा लेख माजा हाय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

वक्ते हसले. "ताई, चांगलं लिखाण वाचलं की प्रत्येकाला ते आपलंच वाटतं. हेच तर त्याचं यश."

हॉल हसला. मी सुद्धा थोडा हसलो असेन. व्यासपीठावर उभं राहिलं की तोंड आपोआप तसं होतं.

"तसं नाय," बाई म्हणाल्या. "सासरे माजे हायत. आणि तुमी त्यात एक शब्द बदललाय. मी उघाडी लिवलं होतं, तुमी दरवाजा केलाय. दरवाजा घराला असतो. खाडीच्या पाण्याला कोण दरवाजा लावतो?"

वक्त्यांनी घड्याळ पाहिलं. सोफ्यावरून अध्यक्ष माझ्याकडे झुकले आणि पुटपुटले, "अहो, आवरा. पाहुणे आहेत."

तेव्हा मला तो लेख आठवला होता. थंड झालेल्या जेवणासकट आठवला होता. मला एवढंच म्हणायचं होतं की बाई खरं बोलताहेत, मी मूळ लेख वाचलाय. त्यासाठी चार सेकंद पुरले असते. मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "ताई, प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ. कृपया खाली बसा."

माझ्याकडे बघत त्या बसल्या. वक्त्यांनी भाषण पुरं केलं, टाळ्या घेतल्या, शाल-श्रीफळ घेतलं आणि जेवायच्या आत गाडीत बसून निघून गेले. प्रश्नोत्तरं झालीच नाहीत.

मला वाटलं होतं बाईही जातील. त्या थांबल्या. जेवणानंतर त्यांची पाच मिनिटं आली तेव्हा अर्धा हॉल रिकामा होता आणि अध्यक्ष सोफ्यावर पेंगत होते. बाईंनी स्वतःच्या फोनवरून ब्लॉग उघडला आणि तोच लेख पडद्यावर आणला. वर तारीख होती, प्रमुख वक्त्यांच्या पेजवरच्या मजकुराच्या दोन वर्षं आधीची. तारखेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी परिच्छेद वाचला, आपल्या बोलीत, साधा, डोळे उघडे ठेवून. मग उघाडी कशी असते, ती कुणी आणि केव्हा उघडायची, चुकली तर काय होतं, एवढं सांगितलं. पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ मान हलवत होते. मी वेळ संपल्याची घंटी वाजवायच्या आत त्या खाली उतरल्या. अध्यक्षांनी जागे होऊन त्यांना 'सहभागी' असं लिहिलेलं प्रमाणपत्र दिलं. प्रमुख वक्त्यांच्या वेळी घंटी मी खिशातच ठेवली होती, हेही इथे लिहायला हवं.

दर वर्षी संमेलनाचा वृत्तान्त साइटवर मीच लिहायचो. या वेळी जे झालं ते लिहिलं, दोन्ही परिच्छेद शेजारी शेजारी लावले आणि साइटवर टाकलं. तासाभरात अध्यक्षांचा फोन आला.

"तुम्हाला काय संमेलन बुडवायचंय?"

"खोटं काय लिहिलंय त्यात?"

"खऱ्या-खोट्याचा प्रश्न नाही. पुढच्या वर्षी कोण येईल आपल्याकडे?"

मी काढणार नाही म्हणालो. संध्याकाळी पाहिलं तर माझा पासवर्ड चालत नव्हता. वृत्तान्ताच्या जागी शाल पांघरलेल्या वक्त्यांचे फोटो होते आणि खाली 'श्रोते मंत्रमुग्ध'. ती साइट मी फुकट बनवून दिली होती. मी समिती सोडली. माझ्या राजीनाम्याला उत्तरही आलं नाही, व्हॉट्सॲप गटातून मात्र लगेच काढलं.

हे सगळं केल्यावर मला वाटू लागलं की मी काहीतरी शूर केलंय. या समजुतीत एका रविवारी बाईंना विचारून त्यांच्या गावी गेलो. त्यांनी चहा दिला. सासरे ओटीवर बसले होते, त्यांना ऐकू कमी येत होतं. मी वृत्तान्ताची, पासवर्डची, राजीनाम्याची सगळी हकीकत सांगितली.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते तुमचं आपसातलं झालं. तो मानूस चोर हाय, त्याचं मला काय वाटलं नाय. पन तुमाला ठाऊक होतं. मला तुमी मेलमधी लिवलं होतं, लेख वाचला म्हनून."

"हो. चुकलं माझं."

"मग तितं का नाय बोललात?"

पाहुणे होते, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते वाक्य अध्यक्षांचं होतं. "भ्यालो," मी म्हणालो.

"कुनाला?" त्यांनी विचारलं, आणि खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. सोफ्यावर बसलेल्या त्या तीन-चार माणसांत भिण्यासारखा एकही नव्हता.

निघण्याआधी त्यांनी लॅपटॉप पुढे केला. जुन्या फोनवर त्यांच्या ब्लॉगची अक्षरं फुटत होती. ते दुरुस्त करायला मला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात बाई त्याच लेखाखाली चार ओळी लिहीत होत्या, फोनवरच. माझं काम झाल्यावर वाचायला दिल्या. हा लेख कुणी उचलला, संमेलनात काय झालं, एवढंच होतं. तिसरी ओळ अशी होती : 'सूत्रसंचालकांना खरं ठाऊक होतं. त्यांनी मला खाली बसायला सांगितलं.'

"ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"ठेवा," मी म्हणालो.

ओळ अजून तिथे आहे. संमेलनही दर वर्षी भरतं, यंदा सोफे दोन आहेत असं ऐकलं.