करवलीची खुर्ची

माझ्या आजाराचं नाव इतकं लांबलचक आहे, की ते उभ्यानं सांगायला गेले तर मध्येच बसावं लागतं. डॉक्टर थोडक्यात 'पॉट्स' म्हणतात. मी उभी राहिले की रक्त पायांत उतरतं, ते वर आणायच्या नादात काळीज नुसतं उधळतं आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. आडवी झाले की मी ठणठणीत. म्हणजे आळशी बाईला शोभेल असाच आजार पदरी आला.

निदान व्हायला उशीर झाला, कारण मी पडले की लोक मला उभं करत. मी शिकवते त्या शाळेत झेंडावंदनाला पहिल्यांदा कोसळले, तेव्हा एका बाईंनी नाकाला कांदा लावला आणि दोघींनी काखेत हात घालून उचललं. मी परत पडले. त्यांनी परत उचललं. पडलेल्याला उभं करावं ही आपली माणुसकी, आणि माझ्या नशिबात नेमकी तीच आडवी आली. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी मला आधी निजवून, मग उभं करून नाडी मोजली. म्हणाले, पाणी भरपूर प्या, तुमच्यापुरतं मीठ वाढवा, पायांत घट्ट मोजे घाला आणि अंधारी आली की लाज सोडून खाली बसा.

बाकी सगळं जमलं. लाज सुटेना.

त्यात धाकटीचं लग्न ठरलं, बारामतीच्या कार्यालयात. करवली मीच. लहानपणी तिच्या वेण्या मी घातलेल्या. तिच्या मागं दिवा घेऊन शेवटच्या अक्षतेपर्यंत उभं राहायचं, हे मला मनापासून हवं होतं. भीत भीत आईला विचारलं, "स्टेजवर एक खुर्ची ठेवूया का?"

"खुर्ची? लोकं काय म्हनतील? थोरलीला कसला तरी रोग हाय, म्हनूनच तिचं जमंना, आसं बोलतील."

मी गप्प बसले. बसण्यात मी तरबेज आहेच.

लग्नादिवशी पैठणीखाली ते मोजे चढवले, खारट ताक ढोसलं. आधी पुढाऱ्यांचे सत्कार, मग त्यांचे आशीर्वाद, तोवर मी बसून होते. मंगलाष्टका सुरू झाल्या तशी पोटऱ्या आवळून उभी राहिले. गुरुजींचं संपेपर्यंत तग धरला. तेवढ्यात इंदापूरच्या आत्यांनी माइक घेतला. स्वतः रचलेल्या मंगलाष्टकांत त्यांनी दोन्हीकडचे झाडून सगळे नातेवाईक गुंफले होते. त्या चुलत्यांपर्यंत पोचल्या तेव्हा मला हातात दोन दिवे दिसायला लागले. पेटत्या दिव्यासकट बहिणीच्या अंगावर पडते की काय, या भीतीनं मी गारठले.

आणि गुडघ्यांना मागून काहीतरी टेकलं. प्लॅस्टिकची खुर्ची. मागं आई उभी.

आमच्याकडं नवरीच्या आईनं मंगलाष्टका बघायच्या नसतात; तिनं आत तुळशीला पाणी घालायचं असतं. ती दाराच्या फटीतून मलाच बघत होती, हे नंतर कळलं. आता सगळं कार्यालय तिच्याकडं बघत होतं.

"बस," आई म्हणाली.

"आई, लोकं..."

"लोकांकडं मी बघते. तू दिवा धर."

मी बसले आणि मला रडू फुटलं. आत्यांना वाटलं, त्यांच्या कवितेनंच. त्यांनी आणखी दोन कडवी म्हटली. शेवटची अक्षता पडेपर्यंत आई माझ्या खुर्चीमागं उभी होती.