उंबऱ्याबाहेरचा बूट

माझा लोखंडी बूट आमच्या घराबाहेर राहायचा, ओट्यावरच्या चपलांच्या रांगेत. लहानपणी तापात उजवा पाय लुळा पडला, तेव्हा अमरावतीच्या दवाखान्यातून तो मिळाला होता. दोन बाजूंनी सळया आणि खाली जाड चामड्याचा बूट. तो चढवला की मी काठीशिवाय चालायची. पण बाबांची भिक्षुकी, अकोल्यातली अर्धी आळी त्यांची यजमान. सोवळ्याच्या घरात चामडं येणार कसं? म्हणून शाळेतून आलं की ओट्यावर बूट काढायचा आणि आत रांगत जायचं. परकर नेसणारी एवढी मोठी घोडी, आणि रांगते! जरा पुढं गेलं की परकर वर सरके, मग थांबून खाली ओढायचा. मी अशी दिसले की बाबा पोथीत डोकं घालायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. व्यायामोपचार शिकणारी एक ताई अमरावतीच्या दवाखान्यात आली. असे बूट दिलेली मुलं घरी ते किती वापरतात, हा तिच्या अभ्यासाचा विषय. तिनं विचारलं, तर आई ठणकावून म्हणाली, "दिवसभर घालते जी!" ताईनं माझा गुडघा वाकवून पाहिला. तो आखडत चालला होता. थोड्याच दिवसांत ती न सांगता अकोल्याला आमच्या दारात हजर!

मी नेमकी स्वयंपाकघरातून रांगत येत होते. तिला पाहिलं आणि अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं झालं. तिथंच फतकल मारून बसले, परकर पायांवर ओढला आणि तिच्यावरच खेकसले, "काहून आल्या तुमी? सांगून तं यावं मानसानं!"

ताईनं बाबांना स्वच्छ सांगितलं, "गुडघा असाच आखडत गेला तर पुढं बूट चढणारच नाही. मग ही रस्त्यातही रांगेल."

"घरात चामडं येणार नाही," म्हणून बाबा उठून गेले. आई बिचारी चहा विचारायचंही विसरली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पूजेच्या वेळच्या आपल्या लाकडी खडावा उचलल्या आणि सुतार गाठला. मला सोबत नेलं होतं. सुतार हातच लावेना. "महाराज, पाप लागन मले."

"लागलं तं मले लागू दे. तू खुंटी काप."

उजव्या खडावेची अंगठ्यात धरायची खुंटी कापली. लोहारानं सळया उजव्या खडावेत बसवल्या, चामड्याच्या पट्ट्यांऐवजी खाटेची निवार लावली. डावी खडाव दुसऱ्या पायात. खटखट करत मी आमच्या माजघरातून उभ्यानं चालत गेले, तेव्हा आई रडली आणि मीही. बाबा अनवाणी पूजेला बसले.

पुढं ताईनं आम्हाला अमरावतीला बोलावलं. तिला आपला अभ्यास मोठ्या डॉक्टरांपुढं मांडायचा होता. शिकणारी पोरं खुर्च्यांवर दाटीनं बसलेली. मी खडावांवर चालून दाखवलं, वाहवा झाली. तेवढ्यात मोठे डॉक्टर म्हणाले, "आधी घरात कशी फिरायचीस, तेही दाखव बाळ."

"सर, राहू द्या ना," ताई म्हणाली, पण अगदी हळू. पास-नापास त्यांच्याच हातात होतं ना!

मी खाली बसून निवार सोडायला लागले. गाठ सुटेना. इतक्या पोरांसमोर! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

भिंतीशी उभे असलेले बाबा पुढं आले. "मी दाखवतो," म्हणाले.

त्यांनी उपरणं खुर्चीवर ठेवलं आणि सगळ्यांच्या जोड्यांनी तुडवलेल्या त्या फरशीवर दोन्ही हात टेकले. बाजारातून आले तरी आंघोळीशिवाय पाण्याला न शिवणारा हा माणूस! डावा हात, उजवा हात, मग उजवा पाय मागून फरफटत.

"बाबा, उठा ना!" मी ओरडले. रडूच फुटलं मला. त्यांनी मान वर केली नाही. जरा पुढं जाऊन ते थांबले, हात मागं नेऊन धोतर गुडघ्याखाली ओढलं, नीट केलं, आणि पुन्हा रांगायला लागले.