पाहुण्यांचा अल्प परिचय

प्रमुख पाहुणे ब्रिटनचे माजी खासदार होते आणि त्याआधी नौदलात अधिकारी. मतदारांनी घरी बसवल्यावर ते सिंगापूरला येऊन कंपन्यांना नेतृत्व शिकवू लागले. निवडणूक हरलेल्या माणसाकडून नेतृत्व शिकायला आमच्या ऑफिसातले सगळे साहेब वह्या घेऊन बसले होते. तिथे ओळख काढून मी त्यांना सिंगापुरातल्याच बिशान भागात, आमच्या मराठी मंडळात ओढून आणलं. गोरा पाहुणा मिळाल्यामुळे कार्यकारिणी धन्य झाली. परिचय करून द्यायचा मान अर्थातच माझा.

बाबा तेव्हा पुण्याहून माझ्याकडे आले होते. तेही नौदलातलेच, पण इंजिन रूममधले मेकॅनिक, म्हणजे शाल मिळणाऱ्यांतले नव्हेत. त्यांना पाहुण्यांना एकच गोष्ट विचारायची होती: तुमच्याकडे अधिकारी कधी खाली इंजिन रूममध्ये उतरायचे का? हे वाक्य ते तीन दिवस इंग्रजीत घोकत होते. मी म्हटलं, शेवटी प्रश्नोत्तरं आहेत, तेव्हा विचारा.

आता, आपल्याकडे परिचय म्हणजे पाहुण्यालाच त्याची सगळी हकिगत पुन्हा ऐकवणं. मी आठवडाभर अभ्यास केला होता. शाळा, पाचही जहाजं, पदक, पोटनिवडणूक, संसदेतलं पहिलं भाषण, काही म्हणून सोडलं नाही. चाळीस मिनिटं झाली. मग शाल आणि श्रीफळ. नारळ कुठे ठेवायचा हे त्यांना कोणी सांगितलं नाही, म्हणून त्यांनी तो काखेत धरूनच दहा मिनिटं भाषण केलं. तेवढ्यात त्याच हॉलमधल्या पुढच्या झुंबा क्लासच्या बायका दारात येऊन घड्याळ दाखवू लागल्या. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरं रद्द केली. चौथ्या रांगेत अर्धवट उभे राहिलेले बाबा पुन्हा खाली बसले.

माझं घर आंग मो किओला, मेट्रोने एकच स्टेशन पुढे. गाडीत मी म्हटलं, "बाबा, सॉरी. माझंच लांबलं."

"छान बोललीस की," ते म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "त्यांची पाचही जहाजं तुला पाठ होती. माझं एखादं सांग बघू."

मला एकही नाव आठवेना. आठवणार कुठून? मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.