भावोजी आणि डिझेलचा पंप

जगात जे काही बिघडतं ते डिझेल कमीजास्त झाल्यामुळे, अशी माझ्या थोरल्या अक्काच्या यजमानांची ठाम समजूत होती. साठ सालानंतर कधीतरी त्यांनी मायदेशी परतणाऱ्या एका जर्मन इंजिनिअरची जुनी डिझेल गाडी घेतली, आणि बसवनगुडीतल्या त्यांच्या घरचे सगळे रविवार इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या नावे लागले. भावोजी बँकेत नोकरीला; पण बॉनेट उघडलं की थेट शल्यविशारद! स्क्रूड्रायव्हरचं एक टोक पंपाला आणि दुसरं कानाला लावून ते डोळे मिटत; हाक आली की पाना पुढे करायला मी शेजारी उभा. मग एक स्क्रू केसभर पिळायचा, गावाबाहेर येलहंक्यापर्यंत गाडी पिटाळायची आणि परत येऊन तोच स्क्रू केसभर उलटा फिरवायचा. आमटी पातळ झाली तरी म्हणत, "मिश्रण स्वल्प दाट हवं."

एका रविवारी त्यांनी अक्काला गाडीत बसवलं आणि कानडी हेल काढून म्हणाले, "सरी, ठीक आहे, कर चालू."

इंजिन चालू झालं, आणि वाढतच गेलं. गुरगुर, मग किंकाळी, मग काळ्याकुट्ट धुराचा लोट. शेजारी कुंपणापलीकडे पळाले. माझ्या हातातली कॉफी सांडली.

"किल्ली काढ!" भावोजी ओरडले.

अक्काने काढलेली किल्ली खिडकीतून दाखवली. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही; त्याला किल्लीचा पत्ताच नव्हता!

"अगं, उतर! फुटेल ते!"

"तुम्ही आधी मागे व्हा!" अक्का जागची हलेना.

मी फाटकाकडे धावलो. भावोजी मात्र उलटे इंजिनाकडे गेले. अंगातला लोकरी कोट ओरबाडून काढला, त्याचा बोळा इंजिनाच्या हवा घेण्याच्या तोंडावर कोंबला आणि वर छातीने रेटून उभे राहिले. इंजिन धडधडलं, आचके देत गुदमरलं आणि थांबलं.

पंपाला डिझेल आवरायला लावणारी एक छोटीशी नळी मोकळीच लोंबत होती.

"मीच बसवायला विसरलो," असं म्हणून ते पायरीवर बसले. अक्का शेजारी टेकली. ते तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले, एरवी फक्त पंपाकडेच पाहत तसे.

"भ्यालीस?"

"तुमच्यासाठी."

दुसऱ्याच दिवशी गाडी मेकॅनिककडे गेली, नीट होऊन परत आली आणि भावोजींनी बॉनेट पुन्हा उघडलं नाही. पुढे रविवारी दोघं लालबागेतल्या झाडांखाली फिरायला जाऊ लागली. अक्का सुखावली, शेजारीही सुखावले. मी मात्र सवयीने सकाळीच त्यांच्याकडे जायचो, बंद बॉनेटशी जरा वेळ रेंगाळायचो आणि कुणी हाक मारत नाही म्हणून परत फिरायचो.