कोरी म्हणून वगळलेली चार पानं

"तुमच्या त्या प्रदर्शनात वहीची शेवटची पानं कुठं गेली हो?"

फोनवर थेट प्रश्न. नमस्कार ना चमत्कार!

मी हैदराबादच्या एका मराठी ग्रंथालयात डिजिटायझेशन बघते. म्हणजे जुनं साहित्य स्कॅन करून वेबसाइटवर चढवायचं. दोनच दिवसांपूर्वी आमचं ऑनलाइन प्रदर्शन सुरू झालं होतं, जुन्या हस्तलिखित वार्षिकांचं. पूर्वी मंडळं असं वार्षिक एका वहीत हातानं लिहून काढत. प्रत एकच. ती घरोघर फिरायची आणि वाचणारा मागच्या पानांवर अभिप्राय लिहून पुढच्या घरी द्यायचा.

फोनवर होत्या इथल्याच नल्लकुंट्याच्या कुसुमताई, वय सत्त्याऐंशी.

"नातीच्या टॅबवर बघितलं. बावन्नाव्या पानावरची गोष्ट माझी आहे. घरी कळू नये म्हणून 'एक विद्यार्थी' असं नाव घातलं होतं. वही आमच्या गल्लीत येईस्तोवर माझं लग्न झालं, मी परभणीला गेले. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, माझी गोष्ट वाचली का, एवढंच बघायचंय बाई."

'शेवटची चार पानं कोरी' ही नोंद माझीच. स्कॅनसुद्धा केली नव्हती. खरं तर आमच्यात नियम आहे, पहिल्या कव्हरपासून शेवटच्या कव्हरपर्यंत सगळं स्कॅन करायचं, कोरं पानसुद्धा. नव्या लोकांना हे मीच शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

वही पुन्हा काढायची म्हटल्यावर ग्रंथालयाचे सेक्रेटरीसाहेब वैतागले. "ऑनलाइन नुमाइश सुरू झाली ना? मग कोऱ्या पानांसाठी कशाला उगं परेशान होता? वही नाजूक झालीय, शिवण उसवेल."

"उसवली तर माझ्या नावावर लिहा. पण पानं कोरी आहेत हे मी नीट बघितलेलंच नाही."

वही बाहेर काढली. या वेळी दिवा वरून न धरता बाजूनं, तिरपा धरला. शाई उडून गेली तरी टाकानं कागदावर उमटलेले ओरखडे राहतात. स्कॅन केलं, कॉन्ट्रास्ट वाढवला, म्हणजे फिकट आणि गडद यांच्यातला फरक ठळक केला. आणि अक्षरं वर यायला लागली! आधी एक काना, मग एक नाव, मग अख्खी ओळ. आई गं! इतकी वर्षं हे काम करतेय, पण माझ्या अंगावर काटा आला.

"अब्बब्बा!" सेक्रेटरीसाहेब खुर्चीवरून उठलेच.

पाच अभिप्राय निघाले. चार मराठीत, पाचवा उर्दूत. हैदराबाद संस्थानातल्या जुन्या सरकारी नोकरांचं शिक्षणच उर्दूतलं, त्यामुळं नवल नव्हतं. पण आम्हा दोघांनाही तो वाचता येईना.

दुपारी पानं वेबसाइटवर चढवली आणि मी स्वतः नल्लकुंट्याला गेले. कुसुमताईंना एका डोळ्यानं दिसत नाही. त्यांनी दोन बोटांनी टॅबवरची ती उर्दू ओळ तळहाताएवढी मोठी केली.

"अण्णांचंच अक्षर!"

उर्दू त्यांना अण्णांनीच शिकवलेली. उजवीकडून डावीकडे बोट फिरवत त्या मराठीत सांगू लागल्या. "बावन्नाव्या पानावरची गोष्ट दोनदा वाचली. कोण मुलगा आहे ठाऊक नाही. त्याचं शिक्षण थांबवू नका."

कुसुमताई हसायला लागल्या, हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

"माझी शाळा यांनीच बंद केली की हो!" मग जरा थांबून म्हणाल्या, "पण दोनदा वाचली. बघा, दोनदा."

ऑफिसात येऊन नोंद दुरुस्त केली. 'एक विद्यार्थी' या नावापुढं कुसुमताईंचं माहेरचं नाव घातलं. आता कुठल्याही पानाला कोरं म्हणायच्या आधी मी दिवा बाजूनं धरून बघते.