हळदीच्या खोलीची किल्ली

आमच्या घरी संडास बांधला तेव्हा गावात तेवढी पक्की खोली दुसरी नव्हती. वर स्लॅब, खाली फरशी, लोखंडी दार, उंदराला शिरायला फट नाही. माझ्या म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि भाव वाढेपर्यंत ठेवायची हळद गोणपाटाच्या कट्ट्यांत भरून आत रचली. कुलूप लावलं, किल्ली करदोड्याला बांधली. हळद पक्क्या खोलीत आणि मी टमरेल घेऊन नाल्याकडे. माझे गुडघे गेलेले. एकदा बसलं की उठायला बाभळीची फांदी धरावी लागे, आणि बाभळीला काटे असतात.

मी बोलले की म्हातारा म्हणायचा, "भाव येऊ दे." भाव काही येईना.

मग एक दिवस शहरातून एक पोरगी आली. घरोघरच्या सवयी कशा बदलतात, याचा ती अभ्यास करत होती. तिची रीत अशी, की नवऱ्याला वेगळं विचारायचं आणि बायकोला वेगळं. आधी ओसरीवर म्हाताऱ्याला विचारलं. मी आत भाकरी थापत ऐकत होते.

"बाबा, संडास कोण कोण वापरतं?"

"समदेच. म्हातारी तर रोज. भाईर जायाचं नाव न्हाई."

मग ती चुलीपाशी आली आणि मलाही तेच विचारलं. खरं सांगितलं असतं तर तिने लिहून घेतलं असतं आणि गेली असती. माझ्या गुडघ्यांना त्याचा काय उपयोग? मी पिठाचे हात झटकले, पोट धरलं आणि तिला घेऊनच ओसरीवर गेले.

"आवं, किल्ली द्या. लागली."

"आत्ता?"

"रोज याच टायमाला लागती की. इसरले व्हय?"

पोरगी म्हणाली, "कुलूप का लावलं, बाबा?"

"चोराचं भेव."

"संडासात काय चोरतात?"

म्हाताऱ्याने करदोड्याची किल्ली सोडून दार उघडलं. पिवळी धूळ उडाली, पोरगी शिंकली. कट्टे स्लॅबला टेकलेले.

"हळद हाय," म्हातारा म्हणाला. "पोटाला चांगली असती."

"मंग लवकर काढा," मी म्हणाले, "न्हाई तर हितंच बसते."

कण्हत, मला शिव्या देत त्याने सगळे कट्टे आपल्या खाटेभोवती नेऊन टाकले. मी आत गेले, कडी लावली. लागली वगैरे काही नव्हती. नळाचा पाइप धरून दोनदा बसून उठून पाहिलं. छान जमलं.

बाहेरून पोरगी म्हणाली, "आजी, तुमचं उत्तर राहिलं."

"म्हातारा बोलला तेच लिव, पोरी," मी आतून ओरडले. "आत्ता खरं झालं ते."